दापोलीत मुक्काम: डोंगरावर की समुद्राकाठी?

प्रश्न: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण चार रात्रींसाठी कराडहून दापोलीला जाणार आहोत. सासरे ७४ वर्षांचे, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सासूबाई पूर्ण शाकाहारी, तर यजमानांना रोज मासे हवेत. मुलं नऊ आणि पाच वर्षांची, त्यांना समुद्र सोडून काही नको. यजमानांचं म्हणणं, दापोली म्हणजे मिनी महाबळेश्वर, गावातच हॉटेल घेऊ, गार असेल. मी मुरुड-कर्द्याकडची न्याहारी-निवासाची घरं मोबाइलवर बघतेय. फोटो सगळ्यांचेच सुंदर. एका ठिकाणी चारही रात्रींचे पूर्ण पैसे आधी मागितलेत. नेमकं काय बघून ठरवू?
– एक वाचक, कराड

उत्तर:

ताई, आधी त्या आगाऊ पैशांबद्दल. पूर्ण पैसे पाठवू नका. ते घर खोटंच असेल असं नाही, पण कोकणात घर चालवणारी माणसं साधारणपणे एका रात्रीचे किंवा फार तर निम्मे पैसे आगाऊ घेतात आणि उरलेले तिथे पोहोचल्यावर. सगळे आधीच हवेत म्हणणाऱ्याला एकच सांगा: आत्ता व्हिडिओ कॉल करा आणि रस्त्यावरच्या पाटीपासून चालत आमची खोली दाखवा. खरा मालक दहा मिनिटं मागून घेईल पण दाखवेल. दुसऱ्याच्या घराचे फोटो लावून बसलेला माणूस ‘सध्या गेस्ट आहेत’ म्हणत राहील. पैसे ज्या खात्यात जाणार, त्यावर दिसणारं नाव मालकाच्या नावाशी जुळतंय का तेही बघा. नकाशावरचा फोन नंबर कोणीही सुचवून बदलू शकतो, म्हणून तोच नंबर पर्यटकांनी टाकलेल्या बोर्डाच्या किंवा बिलाच्या फोटोत सापडतो का हे एकदा ताडून घ्या.

आता मिनी महाबळेश्वर. यजमानांना दुखवायचं नाही, पण महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि दापोली जेमतेम सातशे-आठशे फुटांवर. इंग्रजांनी इथे छावणी टाकली म्हणून जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, आणि ते बिरुद त्या काळच्या कौतुकातलं आहे. मेमध्ये भर दुपारी दापोलीतही घाम निथळतो. फरक पडतो तो रात्री. पठारावर वारा फिरतो आणि अंथरूण कोरडं राहतं. समुद्रकाठच्या वाडीत नारळी-पोफळीखाली दुपार सुखाची जाते, पण रात्री हवा दमट होऊन थांबते आणि चादर अंगाला चिकटते. ज्याला एसीशिवाय झोप येते त्याने वर राहावं. ज्याला एसी लागतोच त्याला वर काय नि खाली काय, फार फरक नाही. त्याच्यासाठी प्रश्न विजेचा, त्याकडे येतोच.

तुमच्या सहा जणांत सगळ्यात कठीण गरज सासऱ्यांची आहे, म्हणून मुक्काम त्यांच्या गुडघ्यावरून ठरवा. मुलांचा समुद्र गाडीने अर्ध्या तासावर आहे, गुडघा मात्र रात्री दोनलाही बरोबरच असतो. आमचं मत स्पष्ट आहे: चारही रात्री दापोलीत, पण बाजारपेठेत किंवा एसटी स्टँडजवळ नाही. गिम्हवणे, जालगाव अशा गावाला लागून असलेल्या भागात, तळमजल्याच्या शेजारी-शेजारी दोन खोल्या घ्या. उपजिल्हा रुग्णालय, औषधांची दुकानं, एटीएम, पेट्रोल पंप सगळं जवळ. शिवाय हर्णै-मुरुडचा रस्ता वेगळा, लाडघर-बुरोंडीचा वेगळा, दाभोळचा वेगळा आणि पन्हाळेकाजीच्या लेण्यांचा चौथाच. हे सगळे दापोलीतूनच फुटतात. मुरुडला राहून दाभोळला जायचं झालं तरी बहुतेक वेळा आधी घाट चढून दापोलीत यावं लागतं. दोन रात्री वर आणि दोन खाली अशी वाटणी कागदावर छान दिसते, पण सहा जणांच्या बॅगा, औषधांचे डबे आणि ओले कपडे आवरण्यात एक अख्खी सकाळ जाते.

खोलीचे फोटो बघताना पलंग आणि पडदे सोडा, जमीन आणि न्हाणीघर बघा. कोकणातली घरं उताराच्या जमिनीवर असतात, त्यामुळे ‘तळमजला’ म्हणजे पायऱ्या नाहीत असं मुळीच नाही. रस्त्यापासून अंगणात उतरायला आठ चिरे, ओटीवर चढायला चार, आणि बाथरूमच्या दारात पाच-सहा इंचांचा उंबरा. सासऱ्यांना हा शेवटचा उंबराच सगळ्यात नडेल, कारण तिथे फरशी ओली असते आणि धरायला काही नसतं. म्हणून मालकाला ‘पायऱ्या आहेत का’ असं विचारू नका, ‘नाही हो, आहेत दोन-चार’ एवढंच उत्तर येईल. असं विचारा: गाडी जिथे थांबते तिथून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या, कठडा कुठे आहे आणि संडासात जाताना पाऊल किती उचलावं लागतं? मग त्या वाटेचा सलग व्हिडिओ मागवा.

कमोड पाश्चात्त्य पद्धतीचा हवाच. जुन्या घरांत तो एखाद्याच खोलीला असतो, आणि ‘कमोड आहे’ याचा अर्थ ‘मागच्या बाजूला, सगळ्यांत मिळून एक’ असाही निघू शकतो. बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट उंच असेल तर ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला उठणं सोपं जातं, बुटकी असेल तर त्रास. भिंतीला धरायची दांडी क्वचितच मिळते, पण आंघोळीसाठी प्लास्टिकचं पक्कं स्टूल कोणीही देईल, फक्त आधी सांगून ठेवा. रबरी तळाचं पायपुसणं घरूनच न्या.

‘फॅमिली रूम, सहा जणांसाठी’ या शब्दांवर भाळू नका. बहुतेकदा तिथे दोन डबल बेड आणि उरलेल्यांसाठी जमिनीवर गाद्या असतात, न्हाणीघर मात्र एकच. सकाळी सहा जण त्या एका दारासमोर. वरच्या मजल्यावरची, ‘समुद्र दिसतो’ म्हणून जास्त भाड्याची खोली मेमध्ये तर अजिबात नको. डोक्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. कौलारू छप्पर त्यापेक्षा लवकर निवतं. पत्रा असेल तर खाली छत मारलंय का, हे विचारून घ्या.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मेमधल्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे असतं. दापोलीचं पठार जांभ्याचं. पावसात धो-धो पाणी पडतं, पण जांभा सच्छिद्र असल्यामुळे ते झिरपून खाली निघून जातं, आणि एप्रिल-मेपर्यंत वरच्या विहिरी तळाला जातात. मग नळाला ठरावीक वेळीच पाणी आणि वरून टँकर. समुद्रकाठी उलट गत. वाळूतल्या विहिरीला पाणी असतं, पण उपसा वाढला की ते मचूळ होतं. साबणाला फेस येत नाही, केस चिकट राहतात आणि चहाची चव जाते. दोन्हीकडे प्रश्न वेगळे विचारायचे. वर विचारा: मेमध्ये तुमचं पाणी कुठून येतं, टाकी किती लिटरची, सगळ्या खोल्या भरल्या तर टँकर किती दिवसांनी मागवता? खाली विचारा: पाणी मचूळ आहे का आणि पिण्यासाठी काय देता? हिशोब सोपा आहे. आंघोळ, संडास, पाय धुणं आणि वाळूने भरलेल्या मुलांना पुन्हा एकदा आंघोळ धरून माणशी रोज शंभर लिटर सहज लागतात. तुम्हीच सहाशे. हजार लिटरच्या टाकीवर चार भरलेल्या खोल्या चालवणाऱ्याकडे दुपारी नळ कोरडा पडणारच, मग मालक कितीही अगत्यशील असो.

गरम पाण्याची मेमध्ये कोणाला फारशी गरज वाटत नाही, पण म्हाताऱ्या माणसांना लागतं. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर साधारण तीन किलोवॅट ओढतो, आणि संध्याकाळी दाब कमी झाला की पाणी कोमटच येतं. १५ लिटरचा साठवणीचा गिझर असेल तर पूर्ण तापलेल्या टाकीत थंड पाणी मिसळून दोन बादल्या तरी निघतात. चुलीवरच्या बंबातलं पाणी मिळत असेल तर दोन्हीपेक्षा उत्तम, वीज असो वा नसो.

वीज मेमध्ये जाते, हे धरूनच चला. दुपारनंतर वळीव आला, वारा सुटला, फांदी तारेवर पडली की गावच्या गाव अंधारात. गावठाणात लवकर येते, कडेच्या वाडीत रात्रही निघू शकते. ‘बॅकअप आहे’ हे उत्तर अर्धवट आहे. घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी तीन पंखे आणि काही दिवे चार-पाच तास ओढेल, आणि तेही ती नवी असेल तर. एसी आणि गिझर त्यावर चालत नाहीत, त्यासाठी जनरेटर लागतो. म्हणून सरळ विचारा: वीज गेल्यावर आमच्या खोलीत काय काय चालू राहतं आणि किती वेळ? आणखी एक. एसीच्या खोल्यांना बऱ्याचदा खिडक्या लहान असतात, काही ठिकाणी कायमच्या बंद. वीज गेली की ती खोली एसी नसलेल्या खोलीपेक्षाही वाईट. समोरासमोर दोन खिडक्या आणि त्यांना डासांची जाळी असलेली खोली घ्या, मग एसी असला तर उत्तम, नसला तरी निभेल.

जेवणाचा तिढा तुमच्या घरात खरा आहे. मुरुड, आंजर्ले, केळशी, आसूद या गावांतली काही घरं पूर्ण शाकाहारी आहेत. सासूबाईंना तिथे स्वर्ग: उकडीचे मोदक, फणसाची भाजी, आमरस, सकाळी घावन-चटणी. पण तिथे बाहेरून आणलेले मासे खोलीतसुद्धा चालत नाहीत, अंडंही नाही. हे आधी विचारा आणि पाळा. चोरून पापलेट आणून खाणाऱ्यांच्या कथा गावभर झालेल्या असतात. दुसऱ्या बाजूला मासे करणाऱ्या खाणावळींत ‘व्हेज पण मिळेल’ म्हणजे बहुतेकदा बटाट्याची भाजी आणि वरण-भात, आणि तवा तोच. सासूबाईंना त्याचं वाटत असेल तर ‘शाकाहारीसाठी तवा, कढई, पळी वेगळी आहे का’ एवढं स्पष्ट विचारा. यात संकोच करायचं कारण नाही, कोकणात हा प्रश्न रोजचा आहे. सगळ्यात सोपा मार्ग असा: मुक्काम आणि न्याहारी शाकाहारी घरात, आणि यजमानांचे मासे दुपारी हर्णैकडे किंवा दापोलीतल्या खाणावळीत. मे महिना तुमच्या बाजूने आहे. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशांची चंगळ नसते. हर्णै बंदरावर लिलाव सुरू असताना गेलात तर आज काय आलंय ते डोळ्यांनी दिसेल. सुरमई किंवा पापलेटच्या थाळीचा दर तुकड्याच्या आकारावर ठरतो, म्हणून ऑर्डर देताना दर विचारा, जेवल्यावर नको.

घरगुती ठिकाणी जेवण हॉटेलसारखं मागितलं की लगेच हजर होत नाही. दुपारचं जेवण आदल्या रात्री किंवा सकाळी न्याहारीच्या वेळी सांगावं लागतं, कारण त्या हिशोबाने नारळ खवला जातो, बाजार होतो. सहा जणांचं सांगून चार जणच आलात तर सहांचे पैसे द्या, भांडू नका. खोलीच्या भाड्यात फक्त न्याहारी आहे की जेवणही, दर खोलीमागे आहे की माणशी, पाच वर्षांच्या मुलाचं काय धरलंय, जादा गादीचे किती, चहा दुसऱ्यांदा मागितला तर वेगळा का, ही सगळी चौकशी एकाच फोनमध्ये करून टाका. पर्यटन विभागाची न्याहारी-निवास नोंदणी असलेल्या ठिकाणी मालकाचं कुटुंब तिथेच राहतं, हा तिचा खरा फायदा. ‘होमस्टे’ची पाटी लावून भाड्याने चालवलेले बंगलेही आता बरेच झालेत, तिथे रात्री फक्त एखादा राखणदार असतो. तेव्हा ‘रात्री घरात कोण असतं’ हे विचारा. रात्री एकला पंप बंद पडला किंवा सासऱ्यांना बरं वाटेनासं झालं, तर त्या माणसाकडेच जावं लागणार आहे.

कराबद्दल थोडक्यात. दिवसाचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असलेल्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, पूर्वी १२ होता. छोटी घरगुती ठिकाणं बहुधा जीएसटीत नोंदलेलीच नसतात, त्यांनी तो लावायचाच नाही. कोणी लावला तर बिलावर जीएसटी क्रमांक असला पाहिजे.

लोकांचे अभिप्राय वाचताना तारे मोजू नका. सगळ्यात नवे आधी लावा, मग ‘पाणी’, ‘लाइट’, ‘डास’, ‘आवाज’ हे शब्द शोधा, आणि त्यातले एप्रिल-मेमधले तेवढे वाचा. डिसेंबरात आलेल्या माणसाला पाण्याची अडचण दिसलेलीच नसते. मालक तक्रारीला काय उत्तर देतो, तेही बघा. ‘त्या दिवशी टँकर उशिरा आला, क्षमस्व’ लिहिणारा चालेल, गिऱ्हाइकालाच झापणारा नको.

आता समजा मुलांचं मन मोडवत नाही आणि समुद्राकाठीच जायचं ठरलं. मग ‘सी टच’ या शब्दाचा अर्थ फोडून घ्या. मधे रस्ता असतो, वाडी असते, सुरूचं बन असतं. दोनशे मीटर म्हणजे तुमच्या मुलांना काही नाही, पण कोरड्या वाळूत पाऊल रुततं आणि सासऱ्यांना तीच दोनशे मीटर जड जातील. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर ते आरामात चालतील, प्रश्न तिथवर पोहोचण्याचा आहे. तेव्हा गाडीपासून ओल्या वाळूपर्यंतचं अंतर विचारा. शनिवारी रात्री शेजारच्या रिसॉर्टमध्ये डीजे वाजतो का, हेही विचारा. शक्य असेल तर रविवार ते गुरुवार जा, गर्दी कमी, दरही उतरतात, आणि मालकाला तुमच्याशी बोलायला फुरसत असते.

मुलांना पाण्यात कधी सोडायचं, हे घरच्या माणसांना विचारूनच ठरवा. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल पाचला खेळली म्हणून आज पाचला खेळतील असं नाही. ओहोटी लागल्यावर पाणी आत ओढतं, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ते दिवस गुडघ्याच्या खाली पाणी एवढंच. आणि गाडी किनाऱ्यावर न्यायचा मोह यजमानांना आवरायला सांगा. मऊ वाळूत चाक रुतलं की भरतीच्या आत ट्रॅक्टर मिळेलच असं नाही.

वाटेत कुंभार्ली घाट आणि नंतर खेडहून दापोलीचा वळणावळणाचा रस्ता. मुलांना गाडी लागत असेल तर औषध घाटाच्या पायथ्याशी नाही, निघताना द्या. सकाळी सहाला निघून अकराच्या सुमारास पोहोचाल आणि बऱ्याच ठिकाणी खोली बाराला मिळते. तो एक तास सासऱ्यांना बसायला ओटीवर खुर्ची मिळेल का, हे आदल्या दिवशीच्या फोनवर सांगून ठेवा. फिरायच्या यादीत त्यांच्यासाठी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती ठेवा, तिथे गाडी वरपर्यंत जाते. आसूदच्या केशवराजाला आधी पोफळीच्या वाडीतून उतरावं लागतं, मग ओढा ओलांडून पायऱ्या चढाव्या लागतात, तिथे त्यांना नेऊ नका. दोन गट करा.

ठरल्यावर मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं एका निरोपात लिहा: तारखा, तळमजल्याच्या दोन खोल्या, कमोड, न्याहारी धरून ठरलेला आकडा, आगाऊ दिलेली रक्कम, रद्द झालं तर किती परत. त्याचं ‘हो’ आलं की मगच पैसे. थोडी रोख जवळ ठेवा, काही वाड्यांत नेटवर्क गेलं की यूपीआय अडकतं. पोहोचल्यावर बॅगा उतरवण्याआधी न्हाणीघरातला नळ सोडून बघा, फ्लश ओढा, पंखा लावा आणि सासऱ्यांना एकदा कमोडवर बसून उठायला सांगा. ठरल्यापेक्षा वेगळं काही असेल तर तेव्हाच बोला. दोन रात्री राहून झाल्यावर मालकाकडे द्यायला दुसरी खोली उरलेली नसते.